एका भूखंडावर आठ भोपळे

क्वेल हॉलो घरमालक सोसायटी
नियमभंगाबाबत खुलासा
(हा कागद दहा दिवसांत भरून द्यावा. अक्षर सुवाच्य असावे.)

१. नाव: डेल्मर रकल. या गावात एकतीस वर्षं चष्मे बनवले. समितीच्या पाचांपैकी तिघांच्या नाकावर माझंच काम बसलेलं आहे, तेव्हा अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही.

२. घर क्रमांक: तुम्हाला पाठ आहे. मार्चपासून अकरा पत्रं आली, एकही चुकून शेजारी गेलं नाही.

३. नियमभंगाचे स्वरूप (लागू असेल तिथे खूण करा): उंची / आवाज / शस्त्र / एकाहून अधिक निवास / इतर.

सगळ्यांवर केली आहे. ‘इतर’वर दोनदा.

४. घटनेचे थोडक्यात वर्णन (पाच ओळींत):

पाच ओळींत मला फक्त शिव्या देता येतील, आणि सुवाच्य अक्षरात शिव्या द्यायची मला सवय नाही. म्हणून कागद जोडले आहेत. टाचणी माझी आहे, परत करू नये.

मार्टिन हा पाकोळीच्या कुळातला पक्षी. नर उन्हात जांभळा दिसतो, ढगाळ हवेत कोळशासारखा. हिवाळा ब्राझीलमध्ये काढतो आणि एप्रिलमध्ये आपल्या ओहायोत येतो. रॉकी पर्वताच्या या बाजूला तो आता झाडाच्या ढोलीत राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी वाळवलेले भोपळे टांगले, त्याला त्याची सवय लागली, आणि तो ढोल्या विसरला. आता माणसानं घर टांगलं तर त्याला घर, नाही तर नाही. म्हणून परसात खांब लावणाऱ्या आम्हा लोकांना इकडे घरमालक म्हणतात. भाडं नाही, करार नाही, भाडेकरू सात महिने परदेशात. आणि एवढं करूनही तो येईलच असं नाही. मी सात वर्षं खांब लावतोय. सात वर्षं आठ भोपळे वाऱ्यावर हलले आणि आत कोळ्यांनी जाळी विणली.

भोपळे इमॅन्युएल ट्रॉयरच्या शेतातले. इमॅन्युएल आमिश आहे, त्या पंथात मोटार आणि वीज चालत नाही; तो गावाबाहेर सहा मैलांवर घोड्यांनी शेती करतो, आणि त्याच्याकडे मार्टिनच्या नव्वद जोड्या आहेत. नव्वद. त्याच्या अंगणात बोलायला लागलं तर वरच्या कलकलाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मी दर वर्षी त्याला विचारायचो, माझ्याकडे का येत नाहीत? तो दर वर्षी म्हणायचा, “तू फार बघतोस, डेल्मर.”

या सात वर्षांत खांबाबद्दल सोसायटीतल्या कोणीही चकार शब्द काढला नव्हता. जानेवारीत अर्डिस पॉमरॉय अध्यक्षा झाल्या आणि त्यांनी नियमांची वही उघडून वाचली. ती वही आजवर कोणी वाचली नव्हती, म्हणून तर आपण सगळे सुखात होतो. वहीत बारा फुटांवरच्या बांधकामाला परवानगी लागते. माझा खांब चौदा फूट.

अर्ज केला. अर्जात ‘उद्देश’ असा रकाना होता. तिथे माझी पहिली चूक झाली आणि ती शेजारच्या फ्लॉइड बिंकलीनं सांगून करवून घेतली. फ्लॉइड विमा कंपनीतून निवृत्त झालाय. सल्ला त्याला हप्त्यासारखा वाटतो, वेळेवर गेलाच पाहिजे.

“डासांचं लिही,” फ्लॉइड कुंपणावर कोपर टेकून म्हणाला. “एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो.”

“कोणी मोजले?”

“सगळ्यांना माहीत आहे. लिही तू.”

मी ‘डासनियंत्रण’ लिहिलं. पुढे इमॅन्युएलला सांगितलं तर त्यानं हातातला घोड्याचा खूर खाली ठेवला. “डास तुझ्या घोट्यापाशी असतो,” तो म्हणाला. “मार्टिन उडतो तीनशे फुटांवर. दोघांची गाठ कुठे पडणार?” ही अक्कल मला मार्चमध्ये असती तर सोसायटीच्या जूनच्या सहलीत अर्डिसबाईंच्या पोटरीला डास चावल्यावर ‘अर्जात नमूद उद्देशाची पूर्तता झालेली नाही’ असं पत्र मला आलं नसतं. पत्रासोबत पोटरीचा फोटो होता. मी एक सभ्य माणूस आहे. मी तो फोटो बायकोच्या स्वाधीन केला.

उंचीबद्दलही फ्लॉइडकडे तोड होती. झेंड्याच्या खांबाला वहीत वीस फुटांपर्यंत मुभा आहे. “झेंडा लाव, झाला तो झेंड्याचा खांब,” तो म्हणाला. “झेंड्याविरुद्ध बोलायची हिंमत आहे का कोणात?” मी झेंडा लावला. दोन दिवसांनी पत्र: झेंडा पावसात भिजत होता आणि अंधार पडल्यावर त्यावर दिवा नव्हता. मी दिवा लावला. पत्र: दिव्याचा झोत शेजाऱ्याच्या शयनगृहात जातो. शेजारी म्हणजे फ्लॉइड! मी झेंडा उतरवला. पत्र: राष्ट्रध्वज उतरवण्याचे कारण लेखी कळवावे.

मी कारण लेखी कळवलं. इर्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते पाकीट टाकायच्या आधी वाचलं आणि चुलीत घातलं. ते उत्तर तुम्हाला मिळालं नाही याबद्दल दर ख्रिसमसला तिचे आभार माना.

एप्रिलच्या नऊ तारखेला नर आला.

मी काय लिहू? सात वर्षांनी आला. खांबावर बसून त्यानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला, एका भोपळ्यात डोकं घातलं, बाहेर काढलं, दुसऱ्यात घातलं. घर बघायला आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखं त्याचं तोंड वाकडं होतं. चार दिवसांनी मादी आली. मी पहाटे साडेचारपासून दोन तास मार्टिनच्या गाण्याची ध्वनिफीत लावायला सुरुवात केली, कारण तरुण जोड्या गाणं ऐकून येतात. ‘आवाज’ या सदराखालच्या दोन तक्रारी त्या ध्वनिफितीच्या. मान्य आहे. गाणं ऐकून आणखी सहा पक्षी आले, हेही मान्य करा.

मग थंडी पडली. सतरा एप्रिलपासून चार दिवस, पावसाची भुरभुर आणि बर्फाचे कण. मार्टिन फक्त उडते किडे खातो, आणि असल्या हवेत किडा उडत नाही. तिसऱ्या दिवसापासून पक्षी मरायला लागतात. आठही जण एकाच भोपळ्याच्या दांडीवर एकमेकांना चिकटून बसले होते, पिसं फुगवून, डोळे मिटून. मी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून अडीचशे रातकिडे आणले. ते आधी थंडीत ठेवून मारायचे असतात. मी डबा फ्रीजरमध्ये ठेवला, झाकण नीट लावलं नाही. निम्मे मेले. उरलेले आजही आमच्या कपड्यांच्या कपाटामागे गातात.

रातकिडा चमच्यात ठेवून वर उडवायचा असतो, म्हणजे पक्ष्याला तो उडतोय असं वाटतं. मी अंगणात उभा राहून चमच्यानं उडवत होतो आणि किडे माझ्याच टोपीवर पडत होते. फ्लॉइड कुंपणावर आला. थोडा वेळ बघून त्यानं विचारलं, “इर्मा बरी आहे ना?”

“पक्ष्यांना जेवण घालतोय.”

“मग गलोल घे ना. माझ्याकडे आहे.”

गलोलीनं पहिला किडा पक्ष्यांच्या वरून, छपराच्या वरून, रस्त्यापर्यंत गेला. तिथे अर्डिसबाई झेंड्याचं पत्र द्यायला गाडीतून येत होत्या. किडा समोरच्या काचेवर बसला. बसला म्हणजे पसरला.

“मिस्टर रकल, आत मी होते,” त्या खाली उतरून म्हणाल्या.

“किडा मेलेलाच होता, मॅडम.”

“म्हणजे तुम्ही वसाहतीत मेलेले प्राणी फेकता.”

या बाईंशी बोलताना आपण काय सिद्ध करतोय ते आपल्यालाच कळत नाही. मी पाठ फिरवली आणि दुसरा किडा उडवला. आणि तो नरानं झेलला. बसल्या जागेवरून उठून, हवेत, गिरकी घेऊन. मग बाकीचे उठले. मी चार दिवसांत रातकिडे संपवले आणि मग अंड्याची भुर्जी करून तिचे तुकडे मारले. आठच्या आठ जगले. तुमच्या नोंदीत ते चार दिवस ‘प्रक्षेपक शस्त्राचा निवासी भागात वापर’ असे आहेत.

मे महिन्यात चिमण्या. ज्यांना चिमणी गरीब वाटते त्यांनी माझ्या खांबाखाली एक सकाळ उभं राहावं. ती मार्टिनच्या घरात शिरते, अंडी फोडते आणि वर आपलं गवत घालून संसार मांडते. तिचं गवत मी रोज काढलं. ती रोज घालायची. फ्लॉइड म्हणाला, “सोड की बिचारीला, केवढीशी आहे.” मी म्हटलं, तुझ्या पलंगावर असा कोणी केवढासा येऊन बसला तर सांग. तो आठवडाभर बोलला नाही. माझा या वर्षीचा सर्वांत शांत आठवडा.

माझ्या स्वतःच्या वहीतल्या नोंदी देतो, त्या मी दर पाच दिवसांनी कप्पीनं भोपळे खाली घेऊन, मागचं झाकण फिरवून केल्या आहेत.

२६ मे. क्रमांक दोनमध्ये पहिलं अंडं. पांढरं.

१८ जून. क्रमांक दोनमध्ये पाच पिल्लं. शेंगदाण्याएवढी, उघडी, आंधळी. इर्मा म्हणाली, तुझ्यासारखी दिसतात.

२३ जून. चार भोपळ्यांत मिळून एकोणीस.

३ जुलै. एकोणीस. क्रमांक पाचमध्ये पिसवा झाल्या होत्या, पिल्लं टोपलीत काढून घरटं बदललं. देवदाराचा भुसा घातला.

८ जुलै. एकोणीस. क्रमांक दोनमधली पिल्लं एकवीस दिवसांची. झाकणं लावली. आता हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम इमॅन्युएलचा आहे. त्याच्याकडे वही नाही, नियम एवढा एकच. “बाविसाव्या दिवसानंतर खाली घेऊ नकोस,” त्यानं मला सांगितलं होतं. “पिल्लं मोठी झालेली असतात पण उडता येत नसतं. घाबरली की उड्या मारतात. मग ती ससाण्याची, मांजराची नाही तर गाडीखालची.”

आठ जुलैलाच संध्याकाळी अकरावं पत्र आलं. मी ते शब्दशः उतरवतो, कारण माझ्या शब्दांत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

‘नियम १४ (ब) नुसार एका भूखंडावर एकच निवास अनुज्ञेय आहे. आपल्या परसात आठ निवासी एकके आढळतात, पैकी चार व्यापलेली आहेत.’

मी त्याच पावली क्लबघरात गेलो. समिती बसली होती. टेबलावर कोणाच्या तरी घरी भाजलेला पाय होता, रूबार्बच्या आंबटगोड देठांचा, केकसारखा, अर्धा संपलेला.

“हे कोणी लिहिलं?” मी विचारलं.

“समितीनं,” अर्डिसबाई म्हणाल्या. “बसा. पायचा तुकडा घ्या.”

“मला तुकडा नको. भोपळ्याला तुम्ही घर म्हणता?”

“तुम्हीच अर्जात लिहिलंय, ‘पक्ष्यांसाठी घरे.’ अनेकवचनी.”

“मग या आणि बघा. आत स्वयंपाकघर आहे का, संडास आहे का, मोजा.”

“संडास असेल तर सांडपाण्याचा नियम लागेल,” एक सदस्य म्हणाला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचा चष्मा माझ्याच हातचा आहे आणि मला आता त्याचा नंबर चुकला होता की काय अशी शंका येते.

पुढचं नीट लिहायला हवं.

समितीनं पाहणीची तारीख ठरवली आणि तिच्या आदेशावरून मी शनिवारी भोपळे खाली

हे वाक्य खोडलं. इर्मा मागे उभी राहून वाचते आहे. ती म्हणते, खोटं आहे.

अर्डिसबाई म्हणाल्या होत्या, “पाहणी ऑगस्टअखेर करू. घाई काही नाही.” मी म्हणालो, “शनिवारी. शनिवारी सकाळी दहाला. सगळे या.” त्या म्हणाल्या, “पक्ष्यांना त्रास होणार नाही ना?” त्यांनी विचारलं होतं. टेबलावर तो रूबार्बचा पाय होता आणि अकरा पत्रं माझ्या खिशात होती. मी म्हणालो, “पक्षी माझे आहेत. मला शिकवू नका.”

शनिवार, बारा जुलै. पाचही सदस्य आले. अर्डिसबाईंनी पांढरी पँट घातली होती, गळ्यात रेशमी स्कार्फ. हातात कागद लावलेली पाटी. फ्लॉइड आपल्या बाजूला घडीची खुर्ची टाकून बसला होता. वर मोठे पक्षी चतुर घेऊन ये-जा करत होते आणि चारही घरट्यांच्या भोकांतून चार-पाच चोची बाहेर येत होत्या.

“सुंदर आहेत,” अर्डिसबाई म्हणाल्या. “वर आहेत तसेच मोजू आपण. खाली नका घेऊ.”

“नाही. आतून बघा,” मी म्हणालो. “नंतर म्हणाल दाखवलं नाही.”

इर्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “डेल्मर, आज पंचविसावा दिवस आहे.”

मी ऐकलं. फार हळू बोलली नव्हती ती. मला दिवस माहीत होता, माझ्या हातानं वहीत लिहिलेला होता. मी दोरी सोडली.

भोपळे छातीपाशी आले. मी क्रमांक दोनचं झाकण फिरवलं आणि म्हणालो, “घ्या, शोधा संडास.” आतल्या पिल्लानं माझ्याकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं आणि उडी मारली. त्याच्यामागे चारही. मग बाकीच्या तीन भोपळ्यांतून, शाळा सुटावी तशी. काही दहा फूट तरंगत गेली, काही दगडासारखी पडली. एक फ्लॉइडच्या मांडीवर. एक पाटीवर, तिथे त्यानं कागदावर सही करावी तसं काहीतरी केलं. बाकीची गवतात, फुलांत, गाड्यांखाली, कुंपणात.

“कोणी पाय हलवू नका,” मी ओरडलो. “जिथे आहात तिथे खाली बसा.”

आणि क्वेल हॉलो घरमालक सोसायटीची संपूर्ण कार्यकारी समिती माझ्या गवतात गुडघ्यांवर बसली. सांडपाणीवाल्यानं गाडीखालून दोन काढली. फ्लॉइड आपलं पिल्लू टोपीत धरून रडायच्या बेतात आला होता. “याला काय देऊ? पाणी देऊ?” मी म्हटलं, “काही देऊ नकोस, सल्लासुद्धा नको.” अर्डिसबाई जुनिपरच्या टोचऱ्या झुडपांच्या कुंपणाखाली पोटावर सरकत गेल्या, कोपरांना ओरखडे काढून घेतले आणि तीन पिल्लं घेऊन उलट्या बाहेर आल्या. पिल्लं भोपळ्यात ठेवून, शांत होईपर्यंत भोक बुजवून ठेवायचं असतं. माझे दोन मोजे गेले, इर्माचं हातपुसणं गेलं, चौथ्या भोकाला काही मिळेना. अर्डिसबाईंनी गळ्यातला स्कार्फ काढून दिला.

आम्ही मोजले. अठरा.

पुन्हा मोजले. समितीला मोजायची सवय आहे, त्यांनीही मोजले. अठरा. दुपारपर्यंत शोधलं. बाकीचे एकेक करून गेले, अर्डिसबाई चारपर्यंत होत्या. मी त्यांना पाणी विचारलं नाही. मी रागावलेला होतो. कोणावर ते तेव्हा विचारलं असतं तर त्यांच्यावर म्हणून सांगितलं असतं.

रविवारी आमिश लोक कामाचं बोलत नाहीत, म्हणून मी सोमवारी इमॅन्युएलकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं.

“एक गेलं?”

“एक.”

“माझी दर वर्षी जातात,” तो म्हणाला. “घुबड नेतं.” मग त्यानं घोड्याचा पट्टा आवळला. “पण तू घुबड नाहीस, डेल्मर.”

५. साक्षीदार: तुम्ही सगळे.

६. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान: एक पिल्लू. ते सार्वजनिक होतं की माझं, हे तुमच्या वहीत बघून सांगा. बाकीची अठरा चौदा ते अठरा जुलैच्या दरम्यान आपापल्या पंखांनी गेली. मी पाहिलं. लांबून.

७. इतर नुकसान: रेशमी स्कार्फ, एक. धुतला, पण डाग गेला नाही. दुसरा घेऊन देतो म्हणालो तर अर्डिसबाईंनी फोन ठेवून दिला.

८. घडल्या प्रकाराचा पश्चात्ताप आहे का? (हो / नाही):

इथे मी आधी ‘नाही’वर खूण केली होती, कागद फाटेपर्यंत. ज्या बाई माझ्यासोबत सहा तास गवतात रांगल्या त्यांनी आठवड्यानं मला हा छापील कागद पाठवावा! उंचीचा पश्चात्ताप नाही. आवाजाचा नाही. गलोलीचा तर मुळीच नाही.

मग या रकान्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. बारीक अक्षर, अध्यक्षांचंच. ‘सापडलं का?’

नाही, मॅडम. सापडलं नाही.

हो.

९. बांधकाम कायमचे हटवण्याची तारीख:

इर्मा विचारते, “तू तसाही दर ऑगस्टला तो खांब उतरवतोस ना?”

उतरवतो. पक्षी गेले की उतरवतो, भोपळे धुतो, गॅरेजमध्ये टांगतो. सगळेच तसं करतात. या वर्षी लवकर गेले, म्हणून कालच उतरवला.

“मग हे तू मार्चमध्येच का नाही सांगितलंस? त्यांनी ऑगस्टअखेरचं म्हटलं तेव्हा तरी?”

कोणी विचारलं नव्हतं. आणि मी असा माणूस नाही की ज्यानं न विचारता सांगावं. हे वाक्य इर्मा खोडायला सांगत नाहीये, नुसती बघते आहे. राहू दे.

तर ‘कायमचे’ या शब्दावर मी काट मारली आहे. एक एप्रिलला खांब पुन्हा उभा राहील, तेवढाच चौदा फूट. ज्यांना मोजायचं असेल त्यांनी जूनच्या आत यावं, मी स्वतः खाली घेऊन दाखवीन, झाकण उघडीन, अंडी हातात देईन. त्यानंतर आलात तर वर बघून मोजा. मी कितीही बोललो, कितीही आव्हान दिलं, तरी मला दोरीला हात लावू देऊ नका.

सही: डी. रकल